जर्मन शिकायचं, पण कुठवर?

पुण्यात परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयांत जर्मनीबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात: शिक्षण जवळजवळ फुकट, आणि तेही इंग्रजीतून. मग भाषेचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, ‘तिथं गेलं की येते आपोआप.’ हाच प्रश्न स्टुटगार्टमध्ये एम.एस. संपवून नोकरी शोधणाऱ्या एखाद्या सीनिअरला विचारला, तर तो म्हणतो, ‘बी१ केल्याशिवाय विमानात बसू नकोस.’ (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात; बी१ ही तिसरी.) ऐकणाऱ्या मुलाचे आईवडील गोंधळतात. खरं तर दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. सल्लागाराचं काम प्रवेशपत्र हाती पडलं की संपतं. सीनिअरची कसरत त्यानंतर सुरू झालेली असते.

हा गोंधळ आता फार घरांत शिरला आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्याच्या आदल्या वर्षीच भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून परदेशी विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक घेतला होता. यातले बरेचजण अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राची पदवी इथंच घेऊन मास्टर्ससाठी गेलेले, म्हणजे इंग्रजी अभ्यासक्रमांच्या वाटेनं आत शिरलेले. अमेरिका महागली, व्हिसाची खात्री उरली नाही, म्हणून ऐन वेळी जर्मनीकडे वळलेलेही त्यांत आहेत. अशांच्या हातात भाषेसाठी वेळच उरलेला नसतो.

शंभर वर्षांपूर्वी हा पेच पडतच नव्हता. जर्मनीत शिकायचं म्हणजे जर्मनमधून शिकायचं, याला फाटा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२२मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं. त्यासाठीचा पत्रव्यवहार त्यांनी स्वतः जर्मनमधून केला होता. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या विषमतेवरचा प्रबंध जर्मनमध्ये लिहून १९३०मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांचे यजमान दिनकर कर्वे यांनी त्याआधी लाइपझिगमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. राममनोहर लोहियांची गोष्ट तर पुष्कळांनी ऐकलेली असते. बर्लिनमध्ये प्राध्यापक व्हेर्नर झोम्बार्ट यांच्याकडे ते गेले, आपल्याला इंग्रजी येत नाही असं प्राध्यापकांनी सांगितलं आणि लोहिया तीन महिन्यांनी जर्मन शिकून पुन्हा त्यांच्यासमोर उभे राहिले, असं सांगतात. तीन महिन्यांच्या हिशेबात भक्तांची थोडी भर असेलही. पण भाषा आधी आणि प्रवेश नंतर, हा क्रम त्या काळी कुणाला जाचक वाटत नव्हता.

क्रम उलटला तो गेल्या पंचवीस वर्षांत. १९९९च्या बोलोन्या करारानंतर जर्मनीनं आपली जुनी ‘डिप्लोम’ पदवी हळूहळू मोडीत काढून बॅचलर-मास्टर्सची चौकट स्वीकारली. जगभरचे विद्यार्थी यावेत म्हणून विद्यापीठांनी इंग्रजी अभ्यासक्रम उघडले. ‘डाड’ या नावानं आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेच्या यादीत आज इंग्रजीतून शिकवले जाणारे दोन हजारांहून अधिक अभ्यासक्रम सापडतात. त्यांत मास्टर्सचे मोठ्या संख्येनं आहेत, बॅचलरचे त्या मानानं थोडे. या असमान वाटपातच अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर जर्मनला पर्याय जवळजवळ नाही. नुसत्या बारावीच्या गुणांवर सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश सहसा मिळत नाही. एक तर इथं पदवीचं निदान एक वर्ष पूर्ण करावं लागतं, किंवा जेईई अॅडव्हान्स्ड पार करावी लागते, नाहीतर ‘श्टुडिएनकोलेग’ या वर्षभराच्या पूर्वतयारी वर्गात बसावं लागतं. तांत्रिक शाखांसाठी ‘टे-कुर्स’, वैद्यकासाठी ‘एम-कुर्स’, अर्थशास्त्र-वाणिज्यासाठी ‘व्हे-कुर्स’ असे त्याचे प्रकार आहेत. या वर्गाची प्रवेशपरीक्षाच जर्मनमधून होते आणि तिथं बी१, बऱ्याच ठिकाणी बी२ मागतात. वर्षाअखेरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढची तीन-चार वर्षं गणित, यंत्रशास्त्र, प्रयोगशाळेचे अहवाल, सगळं जर्मनमधून. इंग्रजी बॅचलर खासगी विद्यापीठांत मिळतं, पण मग ‘फुकट’ हा शब्द विसरावा लागतो. तिथली फी अनेकदा इथल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाला लाजवेल अशी असते.

वैद्यकाचा मार्ग तर संपूर्ण जर्मनमधूनच जातो. इथून एम.बी.बी.एस. करून तिकडे काम करायला जाणाऱ्या डॉक्टरलाही सर्वसाधारण बी२च्या वर रुग्णाशी आणि सहकाऱ्यांशी वैद्यकीय जर्मनमध्ये बोलण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिची पातळी सी१च्या घरातली असते. कायदा, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, जर्मन साहित्य या विषयांतही हीच स्थिती. अशा अभ्यासक्रमांसाठी ‘टेस्टडाफ’च्या चारही भागांत चौथी पातळी किंवा ‘डीएसएच-२’ लागते. पहिली परीक्षा भारतात देता येते, दुसरी जर्मन विद्यापीठंच आपल्या आवारात घेतात. इथं ‘शिकावं की नाही’ असा प्रश्नच नाही. किती वर्षं आधी सुरुवात करायची एवढाच आहे, आणि दोन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत.

खरा पेच उरतो तो इंग्रजीतून मास्टर्स करायला निघालेल्यांचा, म्हणजे महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेकांचा.

त्यांच्या कागदपत्रांच्या ढिगात जर्मनचा कागद बहुधा नसतोच. २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना ‘एपीएस’चं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्यात पदवी आणि गुणपत्रिका तपासल्या जातात, जर्मन नव्हे. खर्चासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. आयईएल्टीएस किंवा टोफेलचे गुण लागतात. काही विद्यापीठं पहिल्या वर्षात प्राथमिक जर्मनचा एखादा वर्ग पुरा करायला सांगतात, तेवढंच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, सरकारनं मागितलं नाही, विद्यापीठानं मागितलं नाही, मग कशाला शिकायचं?

विमानतळावर उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यातच पहिलं उत्तर मिळतं. राहण्याचा पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा असतो. जर्मनीत प्रशासनाची भाषा जर्मन आहे आणि ती कायद्यानंच ठरलेली आहे. खिडकीपलीकडच्या बाईंना इंग्रजी उत्तम येत असेल, तरी त्या अर्ज जर्मनमध्येच पुढे सरकवतात. पाठोपाठ आरोग्य विम्याची पत्रं, वीजपुरवठ्याचा करार आणि दरमहा १८.३६ युरोंची रेडिओ-दूरदर्शन वर्गणी भरा म्हणून आलेली चिठ्ठी. ही वर्गणी घरात दूरदर्शन संच असो वा नसो, दर घरटी द्यावीच लागते. पुष्कळ विद्यार्थी ते पत्र जाहिरात समजून टाकून देतात, आणि मग स्मरणपत्रावर स्मरणपत्र चढत जातं. भाषांतराचं अॅप पत्राचा अर्थ सांगतं, पण कुठलं पत्र गंभीर आणि कुठलं नाही हे त्याला कळत नाही.

खोली मिळवणं हे याहून अवघड काम. विद्यापीठाच्या वसतिगृहाची रांग लांब असते, म्हणून विद्यार्थी एकत्र भाड्यानं घेतलेल्या घरात, म्हणजे ‘व्हेगे’मध्ये, खोली शोधतात. तिथं आधीपासून राहणारी मुलं नव्याला चहा-कॉफीला बोलावतात, स्वयंपाकघरात बसवून गप्पा मारतात आणि मग ठरवतात. या प्रकाराला ते स्वतःच ‘कास्टिंग’ म्हणतात. म्युनिकसारख्या शहरात एका खोलीसाठी डझनावारी अर्ज असतात. सगळ्यांना इंग्रजी येत असलं तरी रोजच्या जेवणाच्या टेबलावर भाषा बदलावी लागेल असा माणूस मागे पडतो. मग आपली मुलं आपल्याच मुलांबरोबर राहतात. वरण-भाताची सोय होते, गणपतीत आरतीही होते, आणि जर्मन दाराबाहेर राहते.

तरीही एवढ्यासाठी वर्षभर भाषा शिकावी असं कुणी म्हणणार नाही. पत्रं वाचून देणारा मित्र सापडतो, खोलीही कुठेतरी मिळते. पदवी तर इंग्रजीत विनाअडथळा पुरी होते. खरी किंमत मोजावी लागते ती कामाच्या शोधात, आणि सल्लागारांच्या माहितीपत्रकात नेमकं तेच पान नसतं.

परदेशी विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६च्या सुरुवातीपासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. गोदामात पेट्या उचलणं, सायकलवरून जेवण पोहोचवणं यांना भाषा फारशी लागत नाही आणि खर्च भागतो. पण ज्या कामाची पुढे नोंद घेतली जाते ते वेगळंच: ‘व्हेर्कश्टुडेंट’, म्हणजे कंपनीत आपल्याच विषयातली अर्धवेळ उमेदवारी. त्यातूनच अनेकदा कंपनीतला प्रबंध मिळतो आणि प्रबंधातून पहिली नोकरी. यंत्र, वाहन, विद्युत या क्षेत्रांतल्या अशा जागांच्या जाहिरातींत ‘जर्मनचं चांगलं ज्ञान’ ही ओळ इतकी नेहमीची आहे की सरावलेली मुलं जाहिरात वाचताना आधी तीच शोधतात. म्हणजे भाषेची गरज पदवीनंतर नाही, दुसऱ्या सत्रातच उभी राहते. दोन वर्षांत भाषा शिकून घेऊ असं ठरवून गेलेल्याला हे उशिरा कळतं.

आपल्याकडच्या मुलांना बॉश, मर्सिडीज, सीमेन्स ही नावं माहीत असतात, कारण ती चाकण-पिंपरीच्या रस्त्यावर दिसतात. जर्मनीच्या उद्योगाचा मोठा भाग मात्र मध्यम आकाराच्या, बऱ्याचदा एकाच घराण्याच्या मालकीच्या कंपन्यांचा आहे: एखाद्या लहान गावात बसून जगभर पंप, झडपा, पॅकिंगची यंत्रं विकणाऱ्या. त्यांना अभियंते हवे आहेत आणि मिळत नाहीत, हे खरं. पण तिथला फोरमन, सुटे भाग पुरवणारा, सकाळच्या बैठकीचा वृत्तांत, सुरक्षेच्या सूचना, सारं जर्मन. त्यातही स्टुटगार्टच्या आसपास श्वाबियन बोली आणि म्युनिकच्या बाजूला बव्हेरियन. वर्गात शिकलेली प्रमाण जर्मन तिथं पहिल्या महिन्यात कानाला ओळखूच येत नाही. भाषेवरून कंपन्यांतही वाद झडतात. फोक्सवॅगननं २०१६मध्ये इंग्रजीला समूहाची भाषा करण्याचं जाहीर केलं, तेव्हा जर्मन भाषेसाठी काम करणाऱ्या एका प्रतिष्ठाननं निषेध म्हणून आपल्याकडचे कंपनीचे शेअर विकून टाकले होते.

पदवी मिळाली की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. सुरुवातीला हा काळ ऐसपैस वाटतो. त्यात भाषेचे सहा-आठ महिने गेले की तो आखडतो, आणि मंदीचं वर्ष असेल तर इंग्रजीवर चालणाऱ्या थोड्या जागांवर सगळ्यांचीच झुंबड उडते. तेजीत ‘भाषा नंतर शिका’ म्हणणारी कंपनी मंदीत हेच बोलत नाही. २०२१-२२च्या भरतीतले अनुभव ऐकून २०२५मध्ये निर्णय घेणाऱ्यांची फसगत होते ती इथंच.

पुढे राहायचं असेल तर कायदाही भाषेकडे बोट दाखवतो. ‘ब्ल्यू कार्ड’ या उच्चशिक्षितांसाठीच्या परवान्यावर काम करणाऱ्याला ए१ असेल तर २७ महिन्यांनी आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला दोन वर्षांच्या कुशल नोकरीनंतर तो मिळू शकतो, पण बी१ लागतं. २०२४च्या नव्या कायद्यानं नागरिकत्वासाठीची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली, तिथंही बी१ आहे. उत्तम भाषा येणाऱ्यांसाठी ठेवलेली तीन वर्षांची जवळची वाट २०२५मध्ये बंद झाली. लग्न होऊन जोडीदार येणार असेल तर त्यालाही साधारणपणे ए१ दाखवावं लागतं. ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र यातून सूट आहे. नवऱ्याची किंवा बायकोची परीक्षा इथं अडकली म्हणून लांबलेले संसार कमी नाहीत.

म्हणून सगळ्यांनीच बी१ करावं का? तसंही नाही. माक्स प्लांक संस्थेत किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला जाणाऱ्याचं काम इंग्रजीत चालतं. गटात पाच देशांची माणसं असतात, शोधनिबंध इंग्रजीत लिहायचे असतात. त्याला ए१-ए२ पुरतं, तेही पाव-भाजी विकत घेण्यापुरतं. बर्लिनच्या सॉफ्टवेअर जगातही इंग्रजी रुळली आहे. झालांडोसारख्या कंपनीत ती कामाचीच भाषा आहे. दोन वर्षांची पदवी घेऊन परत येणार किंवा तिथून नेदरलँड्स, आयर्लंडकडे सरकणार असं ज्याचं नक्की आहे, त्यानं जर्मनवर शेकडो तास घालवण्यापेक्षा आपल्या विषयावर घालवावेत. अडचण एवढीच की जाण्याआधी ‘मी परत येणारच’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण दोन वर्षांनंतरही तेच म्हणतात, याची खात्री त्यांची त्यांनाही नसते.

आता हे शेकडो तास म्हणजे किती, ते पाहू. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून ए१ पुरं व्हायला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, बी१ला ३५० ते ६५०, बी२ला ६०० ते ८००, सी१ला ८०० ते १०००. बी१साठी मधला आकडा, ५०० तासिका, धरला तर रोज दीड तास अभ्यास करणाऱ्याला आठ-नऊ महिने पुरतात. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुरुवात केली तर हे सहज बसतं. शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट, कॅम्पस मुलाखती आणि अर्ज यांच्या गर्दीत बसवायला गेलं तर बसत नाही.

मराठी मुलांना यात थोडी सवलत आहे. तीन लिंगं ही इंग्रजीच्या सवयीनं शिकणाऱ्याला डोकेदुखी वाटतात. तो-ती-ते बोलत वाढलेल्याला कल्पना नवी नसते, फक्त वाटप नवं असतं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी, हे पाठच करावं लागतं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलणं मराठी जिभेला सोपं जातं. आकडे तर घरचेच: एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो, जर्मनही तसंच करतो. विभक्ती आपल्याकडे प्रत्ययांनी शब्दाच्या शेपटीला लागते, तिथं ती मुख्यतः शब्दाआधीच्या उपपदात दिसते. हे एकदा उमगलं की भीती ओसरते. सवलत तेवढीच, शब्दसंग्रहाचं ओझं कुणालाच चुकत नाही.

पुण्यात एक खास गैरसमज आढळतो. अकरावी-बारावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून जर्मन घेतलेल्या मुलांना वाटतं, आपलं जर्मन झालेलं आहे. नव्वदच्या पुढचे गुण त्यांना तसं सांगतात. पण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर, व्याकरणाच्या रिकाम्या जागांवर आणि पाठ केलेल्या निबंधांवर मिळालेले गुण आणि फोनवर घरमालकाशी बोलता येणं यांत मोठं अंतर आहे. असे विद्यार्थी ‘माक्स म्युलर भवना’च्या, म्हणजे इथल्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या, चाचणीला बसले की अनेकदा ए१च्या वर्गात पाठवले जातात आणि हिरमुसतात. खरं तर त्यांचा पाया वाया जात नाही, ते इतरांपेक्षा भरभर पुढे जातात. रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग आणि मुंबई-पुण्याची माक्स म्युलर भवनं यांमुळे या दोन शहरांना जर्मन शिकण्याची जी परंपरा लाभली आहे, ती देशात थोड्याच ठिकाणी आहे. लातूर, कोल्हापूर किंवा चंद्रपूरच्या मुलाला ऑनलाइन वर्गाचा आधार. डॉइचे व्हेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस व्हेग’ ही ए१पासून बी१पर्यंतची दृक्‌श्राव्य मालिका पूर्णपणे मोफत आहे आणि पुष्कळ महागड्या वर्गांपेक्षा उजवी आहे. मात्र तिच्याशी बोलता येत नाही. समोर कुणीतरी चुका दाखवणारं माणूस हवंच.

‘तिथं गेल्यावर शिकू’ या मताचीही एक बाजू आहे. विद्यापीठांची भाषाकेंद्रं विद्यार्थ्यांना मोफत किंवा नाममात्र शुल्कात वर्ग देतात, ‘फोल्क्सहोखशूले’ या लोकशिक्षण संस्थांत शुल्क बेताचं असतं, आणि रस्त्यावर भाषा चोवीस तास कानावर पडते. सगळं खरं. पण मास्टर्सचं पहिलं सत्र अनेकांना अंगावर येतं. परीक्षेची पद्धत वेगळी, स्वयंपाक-कपडे स्वतः, त्यात आठवड्याला वीस तास काम. संध्याकाळचा भाषेचा वर्ग सर्वांत आधी सुटतो. आणि एखाद्यानं तुटक्या जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली की समोरचा सौजन्यानं इंग्रजीवर येतो. शून्यावर असलेल्याला तिथला परिसर फारसं काही शिकवत नाही. बी१ घेऊन आलेल्याला मात्र तोच परिसर सहा महिन्यांत बी२पर्यंत ओढून नेतो. त्यामुळे अवघड, कंटाळवाणा पहिला टप्पा घरी आईच्या हातचं खाऊन उरकावा आणि पुढचा तिथं पार पाडावा, ही विभागणी सर्वांत किफायतशीर दिसते.

याच्या उलट चूक करणारेही भेटतात. इंग्रजी मास्टर्सचं प्रवेशपत्र हातात असताना ‘आधी बी२ करतो’ म्हणून वर्ष थांबणारे. तशी गरज नाही. पदवी आणि पुढचं शिक्षण यांतल्या रिकाम्या वर्षाचं स्पष्टीकरण द्यावं लागतं, तंत्रज्ञान पुढे जातं, आणि वापराविना राहिलेलं जर्मन वर्षभरात गंजतं. वर्ष थांबायचंच तर ते जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमासाठी, वैद्यकासाठी किंवा उमेदवारीसाठी थांबावं.

ही उमेदवारी, ‘आउसबिल्डुंग’, हा विद्यापीठाला समांतर रस्ता आहे आणि अलीकडे महाराष्ट्रात त्याची चर्चा वाढली आहे. साधारण तीन वर्षं कारखान्यात, रुग्णालयात किंवा हॉटेलात काम करता करता शिकायचं, दरमहा विद्यावेतन घ्यायचं. तिथं इंग्रजीचा उपयोग शून्य. व्हिसासाठीच बहुधा बी१ लागतं, आणि परिचारिकेची भारतीय पात्रता मान्य व्हायला बहुतेक ठिकाणी बी२. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवायचं ठरलं: परिचारिका, विद्युततंत्री, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी. घोषणेत आकडा ठळक होता, पण योजनेची चावी जर्मनच्या वर्गात होती. दहा हजार माणसांना बी१पर्यंत नेणारे शिक्षक उभे करणं हे करारावर सही करण्यापेक्षा कितीतरी कठीण काम. मुंबई आणि या जर्मन राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही भगिनी-शहरं १९६८पासून आहेत. पण मैत्रीच्या कागदावरून भाषेची अट कुणाला माफ होत नाही. बाडेन-व्ह्युर्टेम्बर्गमध्ये शिकायला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून तिथं प्रत्येक सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४-२५पासून फी सुरू केली. ‘फुकट’चा नकाशा असा आकसतो आहे.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा विचार करणाऱ्यांना हाच हिशेब थोडा फिरवून लागू होतो. झुरिकच्या ईटीएचमध्ये मास्टर्स बहुतांशी इंग्रजीत आणि बॅचलर जर्मनमध्ये. पण झुरिकच्या रस्त्यावरची स्विस जर्मन ऐकून बी२ झालेलाही पहिले काही आठवडे गप्पच बसतो.

परीक्षेबाबत दोन व्यावहारिक गोष्टी. गोएथेची बी१ आणि त्यावरची परीक्षा चार सुट्या भागांत होते: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्याकडची मुलं वाचन-लेखनात तरून जातात आणि श्रवणात अडकतात, कारण वर्गात शिक्षक सावकाश बोलतात. दुसरं, भारतातल्या केंद्रांवरच्या जागा झटपट भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे व्हिसाच्या धावपळीत, तारीख मिळेल या भरवशावर राहू नये. जर्मनीतलं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, व्याख्यानं त्यानंतर दोन-एक आठवड्यांनी. विद्यापीठांच्या भाषाकेंद्रांच्या पातळी-चाचण्या बहुधा याच काळात होतात आणि बी२चे वर्ग लगेच भरतात. तिथं नाव घालायचं तर बी१चं प्रमाणपत्र ऑगस्टपर्यंत हातात हवं, म्हणजे परीक्षा जूनमध्ये, आणि वर्गाची सुरुवात आदल्या वर्षीच्या गणपतीच्या आसपास.